स्पिरिट टाकल्याने साठवलेले पेट्रोल टिकत नाही

जनरेटर, गवत कापण्याचे यंत्र किंवा बोटीचे इंजिन यांसाठी पेट्रोल साठवणाऱ्यांमध्ये एक सल्ला पुष्कळ फिरतो आहे. कॅनमध्ये थोडे स्पिरिट ओता, ते पाणी शोषून घेईल. वाफेला जागा राहावी म्हणून कॅन अर्धाच भरा आणि झाकण किंचित सैल ठेवा. महिन्यातून एकदा कॅन हलवा. एवढे केले की पेट्रोल वर्षानुवर्षे ताजे राहते, आणि शंका आलीच तर रंगावरून कळते. हा सल्ला जवळजवळ पूर्णपणे चुकीचा आहे आणि त्यातला झाकणाचा भाग धोकादायक आहे.

स्पिरिटच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. स्पिरिट म्हणजे मुख्यतः अल्कोहोल, आणि अल्कोहोल पाण्यातही विरघळते आणि पेट्रोलमध्येही, त्यामुळे नळीत अडकलेले पाण्याचे दोन-चार थेंब ते पेट्रोलबरोबर पुढे नेऊ शकते. मात्र तळाशी पाण्याचा थर साचलेला असेल, तर थोडेसे अल्कोहोल पेट्रोलमध्ये न राहता बहुतांशी त्या पाण्यातच उतरते आणि खालचा थर कमी होण्याऐवजी वाढतो. शिवाय रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये मुळातच चार-पाच टक्के पाणी असते, म्हणजे पाणी घालवण्याच्या नावाखाली आपण कॅनमध्ये पाण्याचीच भर घालतो. ज्या पेट्रोलमध्ये आधीच १० टक्के इथेनॉल (एक अल्कोहोलच) आहे, ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास लिटरमागे सुमारे ५ मिलिलिटर पाणी सामावून घेते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची क्षमता एक मिलिलिटरसुद्धा नसते. ही मर्यादा ओलांडली, किंवा तिच्या जवळ असताना तापमान उतरले, की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलमधून बाहेर पडते आणि तळाशी वेगळा थर धरते.

असा थर धरल्यावर कॅन हलवून काहीही साधत नाही. हलवल्यावर मिश्रण गढूळ दिसते, कारण खालच्या थराचे बारीक थेंब पेट्रोलभर विखुरतात. कॅन स्थिर ठेवला की ते पुन्हा तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचे माप, दोन-तीनने घसरलेला असतो. नुकताच हलवलेला कॅन टाकीत रिकामा केला, तर ते थेंब टाकीच्या तळाशी जमतात, आणि बहुतेक इंजिने इंधन तळाकडूनच ओढत असल्याने कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) पहिला घोट याच थराचा मिळतो.

अर्धा भरलेला कॅन आणि सैल झाकण ही जोडी मला सर्वांत घातक वाटते. २० लिटरच्या कॅनमध्ये १० लिटर हवा आहे आणि ती ३० अंशांवर पूर्ण दमट आहे असे धरले, तरी तीत सुमारे ०.३ ग्रॅमच पाणी असते. म्हणजे झाकण घट्ट असेल तर आतल्या हवेतून फार तर काही थेंब पाणी सुटेल. झाकण सैल असेल तर मात्र कॅन दिवसा तापल्यावर वाफ बाहेर टाकतो, रात्री निवल्यावर दमट हवा आत ओढतो, आणि हे रोज चालू राहते. त्या वाफेबरोबर पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, ज्यांच्यावाचून थंड इंजिन सुरू करणे जड जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते, आणि उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. प्रसरणाची काळजी रास्त आहे, पण तिच्यासाठी अर्धा कॅन रिकामा ठेवण्याची गरज नाही: पेट्रोल अंशामागे साधारण ०.१ टक्का फुगते, म्हणजे तापमान २० अंशांनी वाढल्यास २० लिटरचे सुमारे ०.४ लिटर वाढेल. एक लिटरची जागा मोकळी सोडून झाकण घट्ट लावावे आणि उघडताना ते हळूहळू सैल करावे.

वर्षानुवर्षे टिकण्याचा दावा तर पाण्याचा बंदोबस्त केला तरी खरा ठरत नाही. पेट्रोलमधले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट डिंकासारखा पदार्थ तयार करतात. तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, बसतो, आणि उष्णतेत ही क्रिया वेगाने होते. स्पिरिट तिला अजिबात रोखत नाही. घट्ट बंद कॅनमध्ये, सावलीत, साधारण सहा महिने हा हिशेब धरावा. फ्युएल स्टॅबिलायझरने, म्हणजे पेट्रोल बिघडण्याची क्रिया मंदावणाऱ्या द्रवाने, हा काळ लांबवता येतो, पण ते ताज्या पेट्रोलमध्येच घालावे लागते, कारण बिघडलेले पेट्रोल ते सुधारत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात सांगायचे तर पेट्रोलमध्ये अनेकदा रंग मिसळलेला असतो, त्यामुळे उजळ रंग ताजेपणाची खूण ठरत नाही. काळवंडलेले आणि व्हार्निशसारखा वास येणारे पेट्रोल मात्र नक्की बिघडलेले असते. पाणी तपासायचे असेल तर कॅन काही तास स्थिर ठेवून, उघड्यावर, ठिणगी किंवा ज्योत जवळ नसताना, तळातले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या भांड्यात काढावे आणि थरांमधली रेघ दिसते का ते पाहावे. पाणी शोधण्याची, म्हणजे पाणी लागल्यावर रंग बदलणारी, पेस्ट वापरायची असेल, तर ती इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेलीच घ्यावी, कारण साध्या पेस्टला इथेनॉल आणि पाण्याचा मिश्र थर कदाचित ओळखता येणार नाही. रेघ दिसली तर ते पेट्रोल ताज्यात मिसळू नये, गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. घट्ट बंद करून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे.