बीपीची गोळी बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

एकच मेसेज मला या महिन्यात पाच जणांकडून आला. त्यातले दोघे आमचेच पेशंट, म्हणून हे लिहायला बसले. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘किडनीचे काम फक्त लघवी गाळणे, मेंदूशी तिचा काही संबंध नाही. क्रिएटिनिन दोनपर्यंत असेल तर चिंता नको. बीपीच्या गोळ्यांनीच किडनी खराब होते, बीपी नॉर्मल आले की गोळी बंद करा. रोज पाच लिटर पाणी आणि शहाळे प्या, साधे मीठ सोडून सैंधव खा. लकवा आलाच तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस उठून बसतो.’

मी १४ वर्षं कोकणात डायलिसिस युनिटला नर्स आहे. अंगावरून वारं गेलेली माणसं आमच्या खुर्च्यांवर इतकी बघितली आहेत, की या मेसेजमधलं पहिलं वाक्य वाचूनच मन खट्टू झालं.

आधी तेच घेऊ, मेंदूशी संबंध नसल्याचं. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. दोन्ही किडन्यांचं मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, तरी त्यातलं लिटरभर रक्त त्या घेतात. मेंदू १४०० ग्रॅमच्या आसपास, त्याच्या वाट्याला सातशे-साडेसातशे मिलिलिटर. इतका मोठा आणि अखंड पुरवठा लागणारे हे दोन अवयव. शरीरात बहुतेक ठिकाणी धमनीला फांद्या फुटत जातात, ती बारीक होत जाते आणि रक्ताचा जोर वाटेतच ओसरतो. किडनीच्या आतल्या थरात आणि मेंदूच्या खोल भागात मात्र मोठ्या धमनीतून एकदम बारीक वाहिनी निघते. टाकीखालच्या दोन इंची पाइपला सलाइनची नळी जोडावी, तशी. बीपी वाढलं की मार थेट तिच्यावर बसतो. किडनीत ती वाहिनी जखमी झाली की लघवीतून प्रथिन गळायला लागतं, मेंदूत झाली की ती बुजते किंवा फुटते. म्हणून लघवीला रोज फेस येत असेल, तर ती बातमी एकट्या किडनीची नसते.

हे कालपरवाचं ज्ञानही नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली किडनीच्या रुग्णांची वर्णनं छापली. त्या काळी चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचे. प्रथिन असेल तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची. अशा रुग्णांचं हृदय जाड झालेलं असतं आणि कित्येकांचा शेवट आकडीच्या झटक्यांनी किंवा मेंदूच्या आघाताने होतो, हेही त्यांनी पुढच्या काही वर्षांत नोंदवून ठेवलं. आकडे हवे असतील तर २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३३ अभ्यासांचा एकत्र हिशेब आला आहे, २,८४,६७२ माणसांचा. ज्यांचा ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) ६० च्या खाली होता, त्यांना पक्षाघाताचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. ६० ते ९० मध्ये मात्र ठळक वाढ दिसली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण रिपोर्टमध्ये ८२ बघून रात्रभर न झोपणारी माणसंही मला भेटतात. डायलिसिसवर गेलेल्यांचा धोका तर इतरांच्या कित्येक पट असतो.

क्रिएटिनिन दोनपर्यंत चालतं म्हणे. कुणाला? क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, त्यामुळे एकच आकडा दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. २५ वर्षांच्या तरुणाचं १.४ आलं तर ईजीएफआर सत्तरीच्या आसपास निघतो. ६५ वर्षांच्या बाईंचं तेच १.४ आलं तर तो ४२ च्या जवळ येतो, आणि दोन आलं तर २७ वर. म्हणजे मेसेज ज्याला ‘चिंता नको’ म्हणतो, त्या आकड्याला आमच्याकडे पेशंटशी फिस्टुलाचं (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी शिरेला जोडण्याचं) बोलणं सुरू होण्याची वेळ जवळ आलेली असते. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबकडे मागा, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (म्हणजे प्रथिनाची) तपासणी सोबत करून घ्या. कमी ईजीएफआर किंवा लघवीतलं अल्ब्युमिन तीन महिन्यांहून जास्त टिकलं, तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात.

आता गोळ्यांचं. माझा खरा राग इथे आहे.

‘बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते’ ही समजूत कुठून आली असावी, याचा मी अंदाज करू शकते. रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या सुरू केल्या की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं. घरच्यांना दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाटतं, बघा, गोळीने वाढलं. खरं तर या गोळ्या किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतात, त्यामुळे सुरुवातीला गाळण जरा कमी दिसते आणि पुढची वर्षं गाळणी टिकते. ३० टक्क्यांपर्यंतची ही वाढ डॉक्टर धरूनच चालतात. त्याहून जास्त झाली किंवा पोटॅशियम वाढलं तर ते विचार करतात, आणि म्हणूनच गोळी सुरू केल्यावर पुन्हा रक्त तपासायला बोलावतात. उलट्या-जुलाब लागले असताना काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारून.

२००१ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत मधुमेहामुळे किडनी बिघडलेले १५१३ रुग्ण होते. लोसार्टन घेणाऱ्यांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. दुसरीत आधी पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेले ६१०५ जण होते. पेरिंडोप्रिलवर आधारलेल्या उपचाराने पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनीच कमी झालं. आकडा सारखा येणं योगायोग आहे, पण दोन्हीकडे उपचाराचा पाया होत्या त्या एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या. विसराळूपणाबद्दलही २०१९ मध्ये एक निकाल आला. वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात स्मरणशक्ती आणि आकलन सौम्य प्रमाणात ढासळण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्या चाचणीतल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांची किडनी मुळातच कमजोर होती. याचा अर्थ प्रत्येकाने १२० गाठावं असा नाही. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

आणि बीपी नॉर्मल आलं ते कशाने? गोळीने. ती बंद केली की ते परत चढतं, बहुतेक वेळा काहीही न दुखता.

ज्या गोळ्यांनी किडनीला खरोखर इजा होते, त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पट्टी आणायची आणि महिनोन्‌महिने खायची, हे आमच्याकडे घरोघर चालतं. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा घटवतात, बीपी वाढवतात आणि पक्षाघाताचा धोकाही वाढवतात. किडनीच्या भीतीने बीपीची गोळी टाकून दिलेला माणूस दुसऱ्या खिशात ही पट्टी घेऊन येतो, तेव्हा पोटात तुटतं.

पाच लिटर पाण्याचा सल्ला मुतखडा झालेल्यांकडून इकडे सरकला असणार. त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. किडनीच मंदावलेली असेल तर? कॅनडात किडनीविकाराच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ६३१ रुग्णांवर हे करून पाहिलं, निकाल २०१८ मध्ये आला. वर्षभर जास्त पाणी पिऊनही ईजीएफआरची घसरण थांबली नाही. ज्यांची लघवी कमी झाली आहे त्यांच्या अंगात तर ते पाणी साठतं, बीपी चढतं, रात्री आडवं झालं की दम लागतो.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे त्याने बीपीला सूट मिळत नाही. ‘लो सोडियम’ मिठाच्या पाकिटात पोटॅशियम असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत असं मीठ दिलं, तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं, पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदय बंद पडू शकतं. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, त्याचीही भीती तीच.

मेसेजमध्ये नाही, पण कोकण-गोव्यातल्या माणसांना सांगायलाच हवं: करंबळ. इंग्रजीतला ‘कॅरम्बोला’ पोर्तुगीजमार्गे आपल्याच या शब्दावरून गेला. परसातलं हे पंचकोनी आंबट फळ निरोगी माणसाने बेताने खायला हरकत नाही. किडनी निकामी असलेल्याच्या शरीरातून मात्र त्यातलं विष बाहेर पडत नाही आणि ते थेट मेंदूवर चढतं. आधी न थांबणारी उचकी, मग बरळणं, मग झटके. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते विष वेगळं काढून दाखवलं. डायलिसिसच्या पेशंटने करंबळाची एक फोडही खाऊ नये.

राहिली सुई. मेंदूची वाहिनी बुजलेली असताना बोटातून चार थेंब काढून ती उघडत नाही. तोवर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि दहा बोटं टोचण्यात, वाट बघण्यात त्यातलाच वेळ जातो. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, शब्द अडखळतात, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन.

किडनीच्या घरांत आणखी एक घोळ होतो. माणूस बरळला, गळाला, की ‘युरिया डोक्यात चढला’ म्हणून उद्याच्या डायलिसिसची वाट बघतात. युरियाने सुस्ती येते, भ्रम होतो, पण अचानक एकच बाजू लुळी पडली तर तो पक्षाघात समजूनच पळायचं. स्कॅनच्या डायने किडनी जाईल म्हणून सही द्यायला थांबू नका. अशा वेळी क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी स्कॅन अडवून ठेवत नाहीत. शेवटचं डायलिसिस किती वाजता संपलं आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं होतं का, हे मात्र पहिल्यांदा सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं. आमच्या युनिटमध्ये पेशंटच्या कार्डावर ही वेळ मी दर खेपेला लिहिते.

आमच्याकडे एक काका आहेत. डायलिसिस सुरू व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट, डाव्या हातात फिस्टुला तेवढा करून ठेवला होता. तो दाखवायला आले तेव्हा बीपी २१० निघालं. “सिस्टर, गोळयेन किडनी जाता म्हणतत, म्हणान बंद केलंय,” म्हणाले. मी डॉक्टरांना बोलावलं, गोळी पुन्हा सुरू झाली, पण अकराव्या दिवशी उजवी बाजू गेली. गोळी बंद केल्यामुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आता ते आठवड्यातून तीनदा येतात. चार तासांनी सुया काढल्या की फिस्टुलावर दहा मिनिटं घट्ट दाबून धरावं लागतं, आणि ते काम बाकीचे सगळे आपल्या दुसऱ्या हाताने करतात. काकांचा दुसरा हात दाबत नाही. सुया काढायची वेळ झाली की मी दार उघडून काकूंना आत बोलावते.