तुमची शाबासकी मला नको आहे

परवा एका घरगुती समारंभात मी जेमतेम चार वाक्ये बोलले असेन, तोच एका ज्येष्ठ गृहस्थांनी सगळ्यांदेखत मला शाबासकी दिली: ‘बाहेर वाढूनही आपली भाषा किती छान बोलता हो तुम्ही!’ तेवढ्यावर ते थांबले असते तर मी विसरूनही गेले असते. पण त्यांनी तिथेच माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. अर्धी म्हण सांगून उरलेली मला पूर्ण करायला लावली. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझी गफलत होते का, ते तपासले. स्वप्ने कोणत्या भाषेत पडतात, हेही विचारले, जणू माझी झोपसुद्धा त्यांना हिशेब द्यायला बांधील आहे. शेवटी निकाल लागला: ‘उच्चारात थोडा परकेपणा जाणवतोच, पण चालायचंच.’ त्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा नातू प्रत्येक वाक्यात दोन भाषा मिसळून बोलत होता. त्याला कोणी एक शब्द विचारला नाही, कारण तो घरचा होता. घरच्या माणसाला बोलता येते म्हणून कोणी शाबासकी देत नाही; ती पाहुण्याला देतात. कौतुकाच्या आवरणात आलेल्या अपमानाला उत्तर देता येत नाही, आणि मला संताप येतो तो त्याचाच.

मूल उच्चार आईवडिलांपेक्षा बरोबर खेळणाऱ्या मुलांकडून अधिक उचलते, हे भाषेच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. माझ्या उच्चारात जे खटकते ते माझ्या बालमित्रांचे आहे, आणि त्यांची लाज बाळगण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

शिवाय ही भाषा माझ्या तोंडातून गेली असती तर ती कोणामुळे गेली असती? शाळेतल्या एका बाईंनी माझ्या आईला बोलावून सांगितले होते की घरी ती भाषा बोलणे बंद करा, नाहीतर मुलगी मागे पडेल. दोन भाषांनी मुलाच्या बुद्धीवर ताण पडतो ही समजूत एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातील अभ्यासाने 1962 मध्येच खोडून काढली होती. तिथली फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम येणारी दहा वर्षांची मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. बाईंपर्यंत ते कधी पोहोचलेच नाही. आईने घाबरून त्यांचे ऐकले आणि आजीशी फोनवर बोलताना मला शब्द सुचेनासे झाले. त्यानंतर ‘मुलीला भाषासुद्धा शिकवली नाही’ असे आईला सुनावणारे नातेवाईक हे याच ज्येष्ठ गृहस्थांच्या पंक्तीतले. तिने काय करायला हवे होते, हे मात्र कोणीही सांगितले नाही.

रूथ हिल युसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा रूढ केली. त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या संज्ञेचा आधार घेऊन ‘तुम्हाला दोन्हीकडचे उत्तम मिळाले’ असे जे ऐकवतात, त्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारी माणसे 28 कोटी होती. त्यांची मुले घरात एक आणि दाराबाहेर दुसरे जग घेऊन वाढतात. इतक्या लोकांचे जगणे हा अपवाद कसा ठरतो? तरीही प्रत्येक अर्जात मूळ ठिकाणासाठी रकाना एकच, आणि खरे उत्तर लिहिले की समोरचा कारकून मान वर करून विचारतो, ‘हो, पण मूळचे कुठले?’

घर कुठे आहे, हे मला व्यवस्थित ठाऊक आहे. जिथल्या चुकांचा मला मनापासून राग येतो ते माझे घर आहे, आणि अशी घरे मला दोन आहेत. हा राग व्यक्त करण्याचा हक्क मात्र मला दोन्हीकडे नाकारला जातो: जिथे वाढले तिथल्या कारभाराबद्दल बोलले की ‘मग परत जा’, आणि आईवडिलांच्या गावी बोलले की ‘तुम्हा बाहेरच्यांना काय कळणार’. शाबासकी मात्र दोन्हीकडे मुबलक मिळते. ती तुमच्याजवळच ठेवा. मला तुमच्याशी भांडायचे आहे, आणि भांडताना माझ्या उच्चाराकडे नव्हे, मुद्द्याकडे लक्ष द्या.