गाडीने काही करू नये म्हणून

मोटरहोम घेतलं की लोकांना वाटतं, सुटले हे. निवृत्ती, बत्तीस फुटांचं फिरतं घर, आत पलंग, शेगडी, संडास. वाटेल तेव्हा निघा, वाटेल तिथे थांबा. निघण्याचं ठीक आहे हो, थांबल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. कॅम्पग्राउंडवर घर लावायचं, पाण्याची नळी जोडायची, सांडपाण्याची नळी जोडायची (हिच्याविषयी इथे जास्त लिहीत नाही, लोक जेवताना मोबाइल वाचतात), विजेची केबल जोडायची, खुर्च्या मांडायच्या आणि मग कळतं की दूध संपलंय. गॅलनला आठ मैल जाणारं घर दूध आणायला कसं काढणार? काढलं तरी दुकानासमोर लावणार कुठे?

शिवाय जे बघायला म्हणून हे घर घेतलं, तिथेच ते जात नाही. ग्लेशिअर नॅशनल पार्कातल्या प्रसिद्ध घाटरस्त्याचा मधला टप्पा २१ फुटांहून लांब गाड्यांना बंद आहे. साउथ डकोटात कस्टर स्टेट पार्कमध्ये नीडल्स हायवे म्हणून रस्ता आहे. त्यावर दगडातून कोरलेला बोगदा, रुंदी जेमतेम आठ फूट. आमचं घर साडेआठ, आरसे सोडून. तेव्हा मागे एक लहान गाडी बांधून न्यायची असं ठरलं. चारही चाकं रस्त्यावर, इंजिन बंद, आत कोणी नाही. अमेरिकेत निम्मे मोटरहोमवाले म्हातारे हेच करताना दिसतात. त्यात काय, बांधली की आली मागे!

मी डेट्रॉईटच्या मोटार धंद्यात हयात घालवली आहे. माझं खातं दाराच्या रबरी पट्ट्यांचं असलं तरी माणूस त्याच आवारात जेवतो, चार गोष्टी कानावर पडतातच. त्या अधिकारात सांगतो: गाडी चालवायला जेवढी अक्कल, पैसा आणि माणसं लागतात, त्याच्या चौपट तिने काहीही करू नये म्हणून लागतात.

सुरुवात गाडीपासूनच. आमच्या दारात ऑटोमॅटिक कॅमरी होती. माझ्या बायकोची, सुमेधाची लाडकी. ती बांधायची म्हणून मी मालकाची पुस्तिका उघडली, तर तिथे स्वच्छ नकार. कारण साधं आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. पण चाकं रस्त्यावर गरागरा फिरतायत आणि त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचे आतले भागही फिरतायत, कोरडे. शंभर मैलांवर चहाला थांबेपर्यंत आत भाजणी झालेली असते.

मग स्थळं पाहायला सुरुवात झाली. पत्रिका जुळवणं याहून सोपं असतं. तिथे निदान छत्तीसपैकी अठरा गुण चालतात. इथे वजन जुळायला हवं, कारण आमच्या मोटरहोमच्या हिचची, म्हणजे मागे गाडी जोडायच्या लोखंडी आकड्याची, ताकद ५००० पौंड. उंची जुळायला हवी, कारण टो बार, म्हणजे दोन्ही वाहनं जोडणारा लोखंडी दांडा, जमिनीला जवळजवळ समांतर हवा. तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक चालत नाही, तेवढा पडला तर मध्ये आणखी एक वाकडा लोखंडी तुकडा विकत घ्या. आणि गिअरबॉक्सचा स्वभाव! जीप रँगलर चालते, तिचा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) न्यूट्रलला टाकला की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. पण रँगलरमध्ये चढताना सुमेधाचे गुडघे बोलतात. टेस्ला तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायचीच नाही. होंडा सीआर-व्ही चालते, पण २०१४ पर्यंतचीच. २०१५ पासून तिच्यात सीव्हीटी नावाचा वेगळ्या जातीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि तो रस्ता बंद झाला. त्यामुळे या देशात निवृत्त माणसांची एक जमात २०१४ची, बरी राखलेली सीआर-व्ही शोधत हिंडत असते. आम्हाला ओहायोत एक पांढरी मिळाली. नव्या गाड्यांनी भरलेल्या शोरूमसमोरून मी ती जुनी गाडी अभिमानाने घरी आणली.

याच सुमारास सासूबाई सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या आल्या. त्यांनी दारात तीन वाहनं पाहिली आणि विचारलं, "जावईबापू, माणसं तुम्ही दोघंच ना?"

मग खोकी येऊ लागली. टो बार, तो हजार डॉलरच्या वर. बेस प्लेट, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पुढून बोल्टने बसवायचं लोखंड, ज्याला टो बार अडकतो. ते प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं. सेफ्टी केबल. वायरींचं भेंडोळं. ब्रेकचा डबा. एका दुकानाने हे सगळं बसवायची मजुरी सांगितली आणि तारीख दिली ती श्रावणातली. आम्हाला जूनमध्ये निघायचं होतं. शेजारचे आजोबा आयुष्यभर अठरा चाकी ट्रक चालवून निवृत्त झालेले, बोलणं कमी. त्यांनी मजुरीचा कागद वाचला, घरात गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले.

बेस प्लेट बसवायची तर गाडीचं अख्खं तोंड उतरवावं लागतं. हे मला माहीत असायला हवं होतं असं सुमेधाचं मत. माझं म्हणणं, दाराच्या पट्टीवाल्याला बंपरचं काय माहीत! पुढचा बंपर प्लास्टिकच्या क्लिपांवर उभा असतो. या क्लिपा कारखान्यात बसवताना टक् करून बसतात. निघताना तशाच टक् करून तुटतात, किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात अशा उडतात की पुढच्या घरमालकालाच सापडाव्यात. तोंड नसलेली गाडी पाहून सासूबाईंनी सुमेधाला हळूच विचारलं, "नवी घेतली म्हणालात ना गं? एवढ्यात अपघात?" मग भोकं जुळवायची, बोल्टच्या आट्यांना निळा गोंद लावायचा, टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापापर्यंत आवळायचे. त्यानंतर माहितीपत्रकात एक चित्र होतं: बंपरच्या जाळीवर तुटक रेघ आणि शेजारी करवत. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि करवत स्वतःच घेतली. सभ्य माणूस.

दिव्यांची गंमत वेगळीच. मोटरहोमचा ब्रेक लागला की मागच्या गाडीचेही लाल दिवे लागायला हवेत, डावा इंडिकेटर दिला की तिचाही डावा. पण मोटरहोमचा करंट गाडीच्या वायरींत उलटा शिरून तिचा मेंदू जाळू नये म्हणून मध्ये डायोड बसवायचे, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे. ते बसले. आता तपासणी. मी मोटरहोमच्या सीटवर, सुमेधा पन्नास फूट मागे गाडीच्या पाठीशी, आमच्याकडे तोंड करून.

"डावा दिलाय!"

"उजवा लागलाय!"

"तुझा उजवा की गाडीचा?"

"माझा! गाडीला काय हात आहेत?"

हे बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, "हे बघा, गॅरेजकडचा आणि तुळशीकडचा, एवढं मला कळतं." आमच्या तपासणीत अजून हेच शब्द वापरतात. कुठल्याही राज्यात असू, तुळस एका बाजूला असतेच.

ब्रेकचा डबा हा या सगळ्यातला महागडा आणि मला सर्वांत आवडलेला भाग. साधारण ३४०० पौंडांची गाडी मागे असली की मोटरहोम थांबायला जास्त जागा घेतं, म्हणून तिने स्वतःही ब्रेक मारायला हवा. कायदा राज्याराज्यात वेगळा. ट्रेलरला टेक्ससमध्ये ४५०० पौंडांच्या पुढे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १५०० च्या पुढे. उतारावरच्या गाडीला हे कोणी समजावलेलं नसतं. तर हा डबा ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा, त्याचा लोखंडी हात ब्रेकच्या पेडलला पकडवायचा आणि सीट पुढे सरकवून त्याला घट्ट दाबून बसवायचं. वेग कमी होतोय असं कळलं की तो पेडल दाबतो. शिवाय एक पातळ केबल मोटरहोमला बांधलेली असते. देव न करो, पण टो बार तुटून गाडी सुटलीच, तर त्या केबलने पिन उपटली जाते आणि डबा ब्रेक दाबून धरतो.

एवढं झालं तरी निघता येत नाही. सीआर-व्हीच्या पुस्तिकेतला विधी बाकी असतो. इंजिन सुरू करा. ब्रेकवर पाय. गिअर सगळ्या घरांतून फिरवा. मग 'डी'मध्ये पाच सेकंद, मग न्यूट्रल. इंजिन तीन मिनिटं चालू ठेवा. बंद करा. किल्ली अशी ठेवा की स्टीअरिंग लॉक होणार नाही. बॅटरी उतरू नये म्हणून एक फ्यूज काढा, आणि तो कुठे ठेवला ते लक्षात ठेवा. ६५ मैलांच्या वर वेग नाही. दिवसभर ओढणार असाल तर आठ तासांनी हे सगळं पुन्हा. सुमेधा हे प्लास्टिकमध्ये घातलेल्या कागदावरून वाचते, मी करतो. ती वाचताना मध्ये बोलायचं नाही.

अशा थाटात आम्ही जूनमध्ये मिशिगनहून निघालो. आय-९० हायवेवर साउथ डकोटात वेगमर्यादा ८० आहे. आम्ही ६०. मागून येणारे, आधी पांढरी गाडी ओलांडणारे, तिच्यात डोकावणारे आणि मग आमच्या खिडकीशी येऊन हातवारे करणारे लोक मी किती पाहिले! एका बाईंनी तर काच खाली करून ओरडून सांगितलं की तुमच्या मागच्या गाडीत ड्रायव्हर नाही. मी मान डोलावून आभार मानले.

सासूबाईंना मात्र डॅशबोर्डवरच्या मागच्या कॅमेऱ्याचा नाद लागला. वळण आलं की त्या पांढऱ्या गाडीचं स्टीअरिंग आपोआप फिरतं आणि वळण संपलं की सरळ होतं. "काय गुणी आहे हो," त्या म्हणाल्या, "हॉर्नसुद्धा वाजवत नाही."

मिसुरी नदी ओलांडून पेट्रोल भरायला थांबलो. आत शिरलो तेव्हा पुढे बाहेर पडायला मोकळा रस्ता होता. टाकी भरेपर्यंत त्या रस्त्यावर पेट्रोलचा टँकर आडवा येऊन उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर पाइप जोडून निवांत सॅंडविच खाऊ लागला. आता मागे घ्यायचं. आणि हेच तर करता येत नाही. चारही चाकांवर ओढलेली गाडी मागे ढकलली की तिची पुढची चाकं मनाला येईल तिकडे वळतात, टो बार वाकतो, लोखंड तुटतं. पुढे फक्त, किंवा सोडा. आमच्या मागे तीन गाड्या आणि एक घोड्यांचा ट्रेलर. मी मोटरहोम वळवून उभं केल्यामुळे टो बारच्या पिनांवर ताण आलेला, त्या निघेनात. हातोडी आणली. सुमेधाने ब्रेकचा डबा बाजूच्या सीटवर सरकवला, सीआर-व्हीत बसून इंचभर पुढे, इंचभर मागे केलं, मी ठोकलं, एक घोडा खिंकाळला. सासूबाईंनी दरम्यान आत चहा टाकला आणि घोडेवाल्याला कागदी पेल्यात नेऊन दिला. आल्याचा चहा पिऊन तो माणूस उलट माझ्यासाठी पिना उपटू लागला.

सुटलो. शेजारच्या मोकळ्या जागेत पुन्हा जोडायला म्हणून मी कागद मागितला. सासूबाई सीआर-व्हीच्या खिडकीशी उभ्या होत्या.

"जावईबापू, सुमेधाला ही गाडी चालवता येते ना?"

"येते की."

"लायसन आहे तिचं?"

"आहे."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मी चार हजारांवर डॉलरच्या लोखंडाकडे पाहत होतो, तेवढ्यात सुमेधाने ब्रेकचा डबा उचलून मागच्या सीटवर ठेवला, फ्यूज परत बसवला आणि आईसाठी पलीकडचं दार उघडलं.

पुढचे दोनशे मैल ती ८०ने गेली. मी अजून बॅडलँड्सच्या आसपास होतो, तेव्हा तिचा फोन आला. "आम्ही कॅम्पग्राउंडला पोचतोय. आईला आइसक्रीम हवंय म्हणून वाटेत थांबलो होतो. दूधही घेतलंय. तुम्ही या मागून, सावकाश."