'अडाणी किंवा विकलेले': एका प्रतिक्रियेस उत्तर

"ईस्ट इंडिया कंपनीला राणीने सनद दिली तीच धर्मप्रसारासाठी, व्यापार हा नुसता बुरखा, आणि हे लपवणारे एक तर अडाणी असतात किंवा विकलेले," असे आपण माझ्या लेखावर लिहिले आहे. मतभेदाचे मला वावडे नाही, पण ही कुठली भाषा? मी मिशनच्या शाळेत शिकलो, तिथली प्रार्थना म्हणून घरी येऊन संध्या केली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. तेव्हा मिशनऱ्यांचे उद्योग मला समजावून सांगण्याची तसदी आपण घेतली नसती तरी चालले असते.

31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथने दिलेली सनद आपण एकदा वाचावी. तीत राष्ट्राचा मान, नौकानयनाची वाढ आणि व्यापार हे हेतू आहेत, पूर्वेकडील व्यापाराचा पंधरा वर्षांचा मक्ता आहे. कोणाला ख्रिस्ती करण्याची गोष्ट नाही. बरे, असा हेतू लिहायला इंग्लंडच्या दरबाराला संकोच वाटत होता म्हणावे, तर 1606 मध्ये पहिल्या जेम्सने दिलेल्या व्हर्जिनियाच्या सनदेत 'अंधारात' राहणाऱ्या लोकांत ख्रिस्ती धर्म पसरवण्याचे उघड लिहिले आहे, आणि 1629 च्या मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या सनदेत तर मूळ रहिवाशांना त्या धर्माकडे वळवणे हाच वसाहतीचा मुख्य हेतू म्हटला आहे. अमेरिकेसाठी जे राजमुद्रेनिशी मिरवले, ते हिंदुस्थानासाठी बुरख्याखाली का झाकावे, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

1698 मध्ये प्रतिस्पर्धी नव्या कंपनीला मिळालेल्या सनदेत, पाद्र्यांनी देशी भाषा शिकून कंपनीच्या नोकरांना व गुलामांना प्रॉटेस्टंट धर्म शिकवावा असे कलम आहे. माझ्या लेखात त्याचा उल्लेख नव्हता, हे आपले म्हणणे रास्त आहे. परंतु ते कलम 1600 च्या सनदेत मागे नेऊन चिकटवता येत नाही. शिवाय 1793 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद विल्बरफोर्स यांची हिंदुस्थानात मिशनरी पाठवण्याची सूचना हाणून पाडण्यात पुढाकार कंपनीच्याच लोकांचा होता. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांनाही परत पाठवण्याचे हुकूम सुटले (ते अमेरिकन होते आणि अमेरिकेशी युद्ध चालू होते, हेही एक कारण, आपण ते काढण्याआधी मीच सांगतो). मिशनऱ्यांना त्याच वर्षी वाट मिळाली ती पार्लमेंटच्या कायद्याने.

गोव्यातील इन्क्विझिशनविषयीचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मन्यायालयाविषयीचा, आपला परिच्छेद पोर्तुगालच्या राजाविषयी आहे. त्यात मी शिरत नाही. कलम दाखवून लिहिलेत तर आपले उत्तर जरूर प्रसिद्ध करीन. विशेषणे मात्र आपल्यापाशीच असू द्यावीत.