गणपतआबांसारखं अजिबात वागू नका

तर तुम्ही आमदार व्हायचं ठरवलंय. उत्तम. पांढऱ्या कपड्यांचे सहा जोड शिवून झाले असतील. चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी आमदार’ ही अक्षरं तुमच्या चेहऱ्यापेक्षा मोठी झाली असतील, आणि खालच्या ओळीत ‘शुभेच्छुक’ म्हणून सगळी आळी बसवून झाली असेल. आता राहिलं फक्त करिअरचं नियोजन. सल्ला मागायला येणाऱ्या प्रत्येक होतकरूला मी आधी विचारतो, आदर्श कोण? बरेच जण गडबडून स्वतःच्याच नेत्याचं नाव घेतात, ते ठीक आहे. पण एखादा भाबडा निघतोच. तो म्हणतो, सांगोल्याचे गणपतराव देशमुख. तिथे मी कपाळाला हात लावतो.

अहो, नीट बघा तरी त्या माणसाचं प्रगतिपुस्तक. १९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. अकरा वेळा आमदार. मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत यशवंतराव चव्हाण बसलेले असताना हे गृहस्थ विधानसभेत शिरले आणि देवेंद्र फडणवीस बसलेले असताना वयाच्या नव्वदीपुढे जाऊन बाहेर पडले. मधल्या काळात मतदारसंघ बदलला? नाही. पक्ष? नाही. लाल बावट्याचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), तोच पहिल्या दिवशी आणि तोच शेवटच्या. याला तुम्ही करिअर म्हणता? एकाच इयत्तेत अकरा वर्षं बसलेल्या पोराला आपण काय म्हणतो ते आठवा.

कुणी म्हणेल, पण विक्रम आहे की! विक्रमाचंही काही खरं नाही. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत, पण एकदाही न हरता. केरळात के. एम. माणी तेरा वेळा निवडून आले, तेही पाला या एकाच मतदारसंघातून. आबा मात्र १९७२ आणि १९९५ असे दोनदा पडले. १९९५ला तर १९२ मतांनी. एका बऱ्यापैकी लग्नाच्या पहिल्या पंगतीला याहून जास्त माणसं बसतात. तेवढी इकडची तिकडे झाली असती तर बारा झाले असते. पण तो मुद्दा बाजूला ठेवा, कारण अकरा काय आणि बारा काय, व्यवहाराच्या दृष्टीने दोन्ही फुकट. आमदारकीची पेन्शन एकदा निवडून आलं तरी लागू होते. दरमहा ५० हजार, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जादा. म्हणजे पहिल्या विजयाला ५० हजार, आणि पुढची सगळी धडपड वर्षाला दोन हजारांच्या भावाने. हा धंदा तुम्ही कराल?

मूळ चूक पक्षात आहे. साखरपट्ट्यात काँग्रेसचं राज्य असताना माणूस विरोधी बाकावर जाऊन बसतो, आणि बसतो तो बसतोच. मंत्रिपद किती वेळा? दोनदा. १९७८ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, आणि १९९९ला विलासराव देशमुखांच्या. पहिलं सरकार १९८०च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. दुसऱ्यातून २००२ला शेकाप बाहेर पडला, तर हेही पक्षाबरोबर बाहेर! पक्ष बाहेर पडला म्हणून आपणही खुर्ची सोडायची, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? आजकाल पक्ष बाहेर पडला तर आपण आत राहतो आणि पक्षही आपल्याजवळ ठेवून घेतो. चिन्हासकट.

आता तुम्ही म्हणाल, पक्षांतरबंदी कायदा आहे ना. आहे. घाबरायचं कारण नाही, तो नीट वाचायचा. १९६७ला हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाला दिला. बिचाऱ्याची चूक एवढीच की तो एकटा गेला. १९८५ला कायदा झाला तेव्हा एकतृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर चालत होतं. मग २००३ला लोकांना वाटलं हे फार स्वस्त झालंय, म्हणून ती सवलत काढली आणि विलीनीकरणासाठी दोनतृतीयांशाची अट तेवढी राहिली. थोडक्यात, एकट्याने कुंपण ओलांडलं तर चोरी, सगळी आळी घेऊन ओलांडलं तर वारी. त्यातून अपात्रतेचा निकाल द्यायचा विधानसभेच्या अध्यक्षांनी. किती दिवसांत द्यायचा? कायद्यात तारीख नाही. २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण अध्यक्षांकडे सोपवलं, १० जानेवारी २०२४ला अध्यक्षांनी निकाल दिला आणि त्यात कुणीच अपात्र ठरलं नाही. या बाजूचं नाही, त्या बाजूचंही नाही. एवढ्यात पुढची निवडणूक दारात आली. याला म्हणतात वेळेचं व्यवस्थापन.

गुवाहाटीवरून आठवलं. अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा धडा इथे आहे आणि तोही सांगोल्याचाच. १९९५ला आबांना १९२ मतांनी पाडणारे कोण? शहाजीबापू पाटील, तेव्हा काँग्रेसचे. पुढे ते शिवसेनेत गेले. २०१९ला आबा वयामुळे उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, आणि बापूंनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. आता कागद-पेन्सिल घ्या. १९२ अधिक ७६८ बरोबर ९६०. दोन विजय मिळून मताधिक्य ९६०. आबांचे विजय अकरा. आणि महाराष्ट्रात पोराटोरांना कोण ठाऊक आहे? गुवाहाटीच्या हॉटेलातून बापूंनी कार्यकर्त्याला केलेल्या एका फोनमधली झाडी, डोंगार आणि हाटील तुम्हाला तोंडपाठ आहे की नाही? आता आबांचं एखादं वाक्य म्हणून दाखवा. पन्नास वर्षांहून जास्त काळ सभागृहात बोललेल्या माणसाचं एक वाक्य. नाही ना आठवत? मग! आबा बोलले कशावर, तर रोजगार हमी, दुष्काळ, टेंभू सिंचन योजनेचं पाणी. त्याची रिंगटोन कोण करणार?

सभागृहाचंही तेच. आबा सकाळी येऊन बसायचे, कागद वाचून यायचे, दुसऱ्यांची भाषणं ऐकायचे. ही सवय लागली की सुटत नाही, म्हणून सुरुवातीलाच जपा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा ही नावं फक्त कार्य अहवालाच्या पुस्तिकेपुरती पाठ ठेवा. विधानभवनात आमदाराचं खरं कामाचं ठिकाण आत नाही, बाहेरच्या पायऱ्यांवर आहे. कॅमेरे तिथे असतात. अधिवेशनाच्या दिवशी सकाळी कांद्याची नाहीतर संत्र्याची माळ गळ्यात घालून पायऱ्यांवर उभं राहायचं, दोन घोषणा द्यायच्या आणि निघायचं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला तर हुरड्याची एवढी आमंत्रणं असतात की सभागृहाला वेळ काढणं कुणालाच न्याय देणारं नाही.

पाण्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. सांगोला दुष्काळी तालुका. अशा तालुक्यात आमदार होणं म्हणजे लॉटरी. पाण्याचा प्रश्न हा शेतातल्या जुन्या चिंचेसारखा, तो तोडायचा नसतो, दर पाच वर्षांनी त्याच्या चिंचा झोडायच्या असतात. आबा काय करत बसले? १९९३पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत. तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं गोळा करून कृष्णेच्या पाण्याचा हिस्सा मागणार! अहो, पाणी आलं तर पुढच्या निवडणुकीत बोलायचं कशावर? टँकरवर स्वतःचं नाव रंगवायची सोय जाते ती वेगळीच. बरं, सहकारात शिरले तर निदान साखर कारखाना काढायचा. मोळी टाकायचा समारंभ, उसाच्या तारखांवरून लोक दारात, एफआरपीवरून (उसाच्या किमान दरावरून) आंदोलन, सगळं घरबसल्या. यांनी काढली सूतगिरणी. सूत! धागा हातात राहतो तो फक्त कापसाचा.

आता खर्चाकडे या. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२पासून ४० लाखांची मर्यादा आहे. हसू नका, आयोगाचा आकडा आहे. त्यात सभा, गाड्या, मांडव, हार, रिक्षावरचा भोंगा आणि कार्यकर्त्यांचा चहा सगळं बसवायचं आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा. लोक तो देतात आणि तो बसतोही, हीच आपल्या लोकशाहीची गणितातली प्रगती. अनामत १० हजार, एकूण वैध मतांच्या एकषष्ठांश मतं पडली नाहीत तर जप्त. आबांच्या प्रचारासाठी लोकच वर्गणी काढायचे म्हणतात. या सवयीचा तोटा लक्षात घ्या. ज्याने शंभर रुपये दिले तो पाच वर्षं हिशोब विचारतो. ज्याने घेतले तो विचारत नाही.

निवडून आल्यावर घाई करू नका. ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या १५ टक्क्यांवर बांधलीय, म्हणजे २८८च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. उरलेल्यांनी नाराज व्हायचं. नाराजी हे पूर्णवेळ काम आहे हे फार कमी जणांना कळतं. फोन बंद ठेवायचा, एखाद्या देवस्थानाला जायचं, ‘संपर्काबाहेर’ ही बातमी येऊ द्यायची. संध्याकाळी महामंडळ मिळालं तर ‘नाराज नव्हतोच’, नाही मिळालं तर ‘कार्यकर्त्यांच्या भावना तीव्र आहेत’. आबांनी आयुष्यभरात ही कला शिकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. लाल बावट्याच्या पक्षात नाराज व्हायचं तरी कुणावर?

एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही दुसरीकडून ऐकाल. २०२४ला सांगोल्याच्या मतदारांनी आमच्या सगळ्या अभ्यासक्रमावर पाणी ओतलं. झाडी-डोंगाराला घरी पाठवलं आणि शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख यांना सुमारे २५ हजारांनी निवडून दिलं. राज्यात शेकापचा एकमेव आमदार, तो सांगोल्याचा. आबा जाऊन तीन वर्षं झाली होती, ३० जुलै २०२१ला गेले ते. हेही नातूच, म्हणजे शेवटी घराणं आलंच, हे आबांच्या भक्तांनी सोयीने विसरू नये. तेवढाच काय तो मला दिलासा. एवढ्या सरळ माणसाच्या घरातही उमेदवारी नातवांपर्यंत पोचते, तर तुमच्या चिरंजीवांना जिल्हा परिषदेचा गट आजपासून बघायला काय हरकत आहे?

आणि शेवटचं, प्रवासाचं. आबा एसटीने फिरायचे. आमदार, दोनदा मंत्री, आणि लाल डब्यातून! तुम्ही हे चुकूनही करू नका. मागे-पुढे चार गाड्या नसल्या तर गावातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहत नाहीत. एसटीत शेजारी कोण बसेल सांगता येत नाही, आणि तो सांगोला येईपर्यंत आपली सातबाराची भानगड सांगत राहील. आमदारांना एसटीचा प्रवास फुकट असतो आणि गाडीत त्यांच्यासाठी राखीव जागाही असते, पाटीवर तसं लिहिलेलं असतं. कधी एसटीने गेलात आणि गाडी खच्चून भरलेली असली, तर सरळ त्या जागेवर जाऊन बसा. पिशवी मांडीवर घ्या, हवं तर डुलकी काढा. कंडक्टर उठवणार नाही.