विचारलं होतं का?

जून 2021. आज सकाळी ऑफिसच्या कॉलवर कामाला हात लागायच्या आधी वीस मिनिटं एकच विषय. लिलिबेट. ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि त्याची बायको मेगन यांनी मुलीला पणजीचं, म्हणजे एलिझाबेथ राणीचं, घरातलं लाडाचं नाव ठेवलं, तर राणीला विचारलं होतं का? बीबीसीवर कालपासून तेच. राजवाड्यातलं कुणीतरी म्हणतंय विचारलं नाही, हॅरीची माणसं म्हणतायत आधी आजीलाच सांगितलं होतं. वकिलांची पत्रं निघालीत. 4 जूनला कॅलिफोर्नियात जन्मलेलं पोर, अजून आठवडा नाही झाला, आणि तिच्या नावापायी वकील!

"बिचाऱ्या म्हातारीचं एकच खासगी नाव होतं, तेही पळवलं," असं आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या. त्यांच्या कुत्र्याचं नाव विन्स्टन आहे. चर्चिलना विचारलं होतं का, असं मी म्हटलं. म्यूटवर होते म्हणून नोकरी शाबूत.

एवढा राग का आला, ते माझ्या माहेरच्या लोकांना कळेल. आठवतंय ना 2012 चं आमच्या बाळीचं बारसं?

मिरजेची माझी आजी. तिचं माहेरचं नाव बकुळा. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीनं 'शालिनी' लिहिलं आणि बकुळा संपली. पुढं तिला 'बकू' म्हणणारा एकच माणूस उरला, तिचा भाऊ. तो गेला आणि तेही संपलं. म्हणून मी ठरवलं, मुलीचं नाव बकुळ. झालं! जिवंत माणसाचं नाव ठेवतात होय? पोरीवर ओरडायचं झालं तर पणजीच्या नावानं ओरडणार का? नणंद फुरंगटून बसल्या, कारण नाव सुचवायचा मान आत्याचा. (तो मान त्यांना द्यायला हवा होता, हे आता नऊ वर्षांनी इथे जाहीर कबूल करते. वाचत असाल तर लाइक करा, वन्सं.) आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आजींना विचारलं का? आजी हातभर अंतरावर खुर्चीत बसलेली, आणि हे सगळं तिच्या डोक्यावरून चाललेलं.

तशीच ही राणी. 95 वर्षांची. लहानपणी स्वतःचं 'एलिझाबेथ' जिभेवर बसेना म्हणून लिलिबेट झाली, आणि आजोबा, पाचवे जॉर्ज, तेच म्हणायला लागले. नंतर नवरा, फिलिप, म्हणायचे. ते एप्रिलमध्ये गेले. आता त्या विंडसरच्या किल्ल्यात (इथून स्लाउहून त्याचा गोल बुरूज दिसतो) लिलिबेट म्हणून हाक मारणारं कोण राहिलंय? हा प्रश्न एकाही पेपराला पडत नाही. त्यांना परवानगीचा कागद हवाय.

बरं, 2019 मध्ये मुलाचं नाव आर्ची ठेवलं तेव्हा हेच लोक म्हणत होते, शी, हे काय राजघराण्यातलं नाव आहे? आता थेट राणीचं घेतलं, तर म्हणे आगाऊपणा. त्या आईनं उद्या पोरीला नुसता नंबर दिला तरी म्हणतील, हाच नंबर का? हॅरीचा भाऊ विल्यम, त्याच्या मुलीच्या, शार्लटच्या, वेळी तर जपानात ओइताच्या प्राणिसंग्रहालयात माकडाच्या पिल्लाला तेच नाव दिलं. तिथल्याच लोकांनी राजघराण्याचा अपमान म्हणून इतक्या तक्रारी केल्या की बिचाऱ्यांनी माफी मागितली. राजवाडा म्हणाला, तुमचं माकड, तुमची मर्जी. नाव राहिलं. म्हणजे ज्यांचं नाव त्यांना काही नाही, बाकीच्यांच्याच पोटात दुखतं.

हो, घर सोडायचं, अमेरिकेत टीव्हीवर ओप्राला मुलाखत द्यायची, खासगी आयुष्य जपू द्या म्हणायचं आणि घरातलं सगळ्यात खासगी नाव जगजाहीर करायचं, हे मलाही खटकलं. ठीक आहे. खटकलं. पुढे.

पुन्हा बारशाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. नणंदेनं रुसव्यातच पोरीच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बकुळ!"

खुर्चीतून आजी म्हणाली, "ओ."

चांगली मोठ्यानं. मग लाजली, पदर तोंडाला लावला. घुगऱ्या वाटणारे हात थांबले. त्यानंतर त्या घरात कुणी नावाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आता इथवर लिहिलंय तर तेही लिहिते. विचारलं मीही नव्हतं. मनातल्या मनात ठरवलं आणि पत्रिका छापायला दिली. ती नको म्हणेल अशी भीती होती बहुतेक. आज त्या बाईंवर एवढी चिडले त्यात थोडं हेही असावं.

म्हणून दुपारी मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिथे दिवेलागण झालेली. म्हटलं, आजी, बकुळचं नाव ठेवताना तुला विचारलं नव्हतं गं.

ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी तरी कुठं विचारलं होतं, शालिनी लिहिताना?"

आणि मग, "ती बकू कुठाय? दे तिला फोन."

दोघी अर्धा तास बोलत होत्या. मला दिला नाही फोन परत.