छोट्या धंदेवाल्यांनी ऑनलाइन दुकान काढायचंच नाही का?

डोकं फिरलंय आज, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्याने सरळ पुढे जा. "दहा मिनिटांत तुमचं ऑनलाइन दुकान सुरू करा" ही जाहिरात ज्याने लिहिली ना, त्याला एकदा आमच्या घरी कोल्हापूरला आणून बसवायचंय. लॅपटॉप हातात द्यायचा आणि म्हणायचं, कर बाबा सुरू, आम्ही बघत बसतो. दहा मिनिटांत फक्त आपण पैसे भरायचं पान येतं. गिऱ्हाइकाने आपल्याला पैसे द्यायचं पान यायला महिने जातात.

धंदा आमचा कांदा-लसूण मसाल्याचा. मी आणि थोरल्या जाऊबाई. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, उन्हात वाळवायची, देठं काढायची, खडा मसाला तेलात तळून घ्यायचा, खोबरं-तीळ भाजायचे आणि मग डंकावर समोर उभं राहून कुटून आणायचं, नाकातोंडात तिखट जातं तरी हलायचं नाही कारण हललं की दुसऱ्याचा घाणा मिसळतो. गेली काही वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात, पुण्या-मुंबईची माणसं, माहेरच्या चवीला आसुसलेल्या बायका, कुणी सून कुणी लेक. पण चॅटमध्ये पत्ते हरवतात, कुणी पैसे पाठवले कुणी नाही याचा मेळ लागत नाही, म्हणून म्हटलं रीतसर वेबसाइट काढू. एवढीच इच्छा होती हो. फार मोठं काही मागितलं नव्हतं.

फूड लायसन्स झालं, त्याबद्दल तक्रार नाही, फॉर्म भरला आणि चौदा आकडी नंबर आला. पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं छापायचा नियम आहे तोही पाळला, बरोबरच आहे, खाणाऱ्याला कळायला पाहिजे. खरी आग लागली ती पेमेंट गेटवेच्या, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीच्या, केवायसीला, म्हणजे ओळख तपासणीला.

आता ऐका. जाऊबाईंच्या नावावर उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आहे, खातं गावच्या सहकारी बँकेत. पासबुकावर बँकेने आडनाव आधी घातलंय, मग नाव, मग नवऱ्याचं नाव. पॅनवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आधारवर नुसतं नाव आणि आडनाव. महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांची कागदपत्रं अशीच आहेत! गेटवेवाले काय करतात, खात्यात एक रुपया टाकतात आणि बँकेकडून नाव काय येतंय ते मशीन ताडून बघतं. रुपया आला. पासबुकात एंट्री आहे, डोळ्यांनी दिसतोय रुपया. आणि मेल काय येतो, नाव जुळत नाही, अर्ज नामंजूर. कॅन्सल चेक द्या, दिला. चेकवर नाव छापलेलं नाही, साधं चेकबुक आहे, चालणार नाही. बँकेचं पत्र आणा, आणलं, मॅनेजरांनी शिक्का मारून सही करून दिलं, तर मेल आला की कागद अस्पष्ट आहे. कुठे अस्पष्ट आहे? कुणाला विचारायचं? फोन नंबरच नाही! चॅटची खिडकी उघडली की तो बॉट विचारतो तुमची समस्या खालीलपैकी कोणती, आणि खालीलपैकी एकही आमची नसते. जाऊबाई पन्नाशीच्या आहेत, आयुष्यभर कुणाचा रुपया बुडवला नाही आणि त्या मला विचारतात, "अगं, माझंच नाव माझं नाही म्हणतात होय?" काय उत्तर देऊ मी त्यांना, सांगा.

बरं एवढं करून मंजूर झालं तर फुकट आहे का, तर नाही. गेटवेचं कमिशन दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० च्या ऑर्डरमागे ११ रुपये ८० पैसे गेले. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे पैसे घेण्यासाठी दुकानदाराकडून कापायचा आकार, सरकारने २०२० पासून शून्य केलाय, तरी आमच्या गेटवेचा प्लॅटफॉर्म फी म्हणून हात खिशात असतोच.

आणि आता जीएसटी. हे वाचून तुम्हाला राग नाही आला तर मला सांगा. महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्याला जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही. आमची उलाढाल त्याच्या आसपास सुद्धा नाही. पण राज्याबाहेर एक पाकीट जरी विकलं तर कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नंबर घ्यावाच लागतो, तिथे उलाढाल बघतच नाहीत. हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, मसाल्याला नाही. आता कोल्हापूरच्या माणसाला विचारा निपाणी किती लांब आहे. तासाभरात पोचतो आम्ही! आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्या, माणसं मराठी बोलतात, लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापुरात येतात. पण मधे राज्याची हद्द आहे, म्हणून नागपूरला रात्रभर प्रवास करून मसाला गेला तर नंबर लागत नाही आणि निपाणीला गेला तर लागतो. बेळगावचे तर रोज मेसेज येतात. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या मार्केटप्लेसवर बिगर-जीएसटी विकायची मोकळीक दिली, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, पण तीही राज्यातल्या राज्यातच.

घ्या की मग नंबर, असं म्हणणारे भेटतात. नंबर घेतला की पाकीटभर मसाला विकला तरी रिटर्न, काही नाही विकलं तरी निल रिटर्न, ते चुकलं की दिवसाला २० रुपये दंड, सीएची फी वेगळी, आणि शेजारच्या काकूंना दिलेल्या पाव किलोवरही पाच टक्के लावा. कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेतली तर पुन्हा राज्याबाहेर विकता येत नाही. फिरून फिरून तिथेच. ४० लाखांची मर्यादा राज्यात चालते तर बाहेर का चालू नये? ऑनलाइन दुकान कशासाठी असतं, लांबच्या माणसाला विकायलाच ना?

कुरिअरचं तर नावच काढू नका. एक किलो मसाला, पाव किलोची चार पाकिटं, फुटू नये म्हणून बबल रॅप आणि खोका २५ बाय २० बाय १५ सेंटिमीटरचा. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात, तिन्हीचा गुणाकार भागिले ५०००, झालं दीड किलो, म्हणजे पैसे दीड किलोचे. बरं तेही मान्य केलं, हिशोबात धरलं. पंधरा दिवसांनी कुरिअरकडे आगाऊ भरलेल्या वॉलेटमधून आणखी पैसे कापलेले, का तर त्यांच्या मशीनवर दोन किलो भरलं! तोच खोका, तेच पॅकिंग, सगळ्या पार्सलांना सारखं, आणि एकाचं दीड एकाचं दोन. टेप लावून काढलेले फोटो पाठवले तरी "तपासणीअंती वजन योग्य" एवढं एक वाक्य येतं आणि विषय बंद. पैसे आधी कापायचे आणि मग आम्ही भांडत बसायचं, ही कुठली पद्धत? किलोमागे आम्हाला सुटतं किती आणि हे एका फटक्यात नेतात किती.

आणि सगळ्यात जास्त राग कुणाचा असेल तर कॅश ऑन डिलिव्हरी मागवून पार्सल न घेणाऱ्यांचा. जायचं भाडं आम्ही भरायचं, परत यायचंही आम्हीच भरायचं, आणि परत येताना खोका असा चेपलेला असतो की आतलं पाकीट फुटून सगळ्या बबल रॅपला तेल आणि तिखट. तो मसाला कुणाला विकणार? दोन बायकांनी उन्हात बसून केलेला माल तो. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा ना, काही राग नाही येत. आम्ही पाठवायच्या आधी प्रत्येकाला फोन करतो. तेवढा एक फोन उचला आणि सांगा, ताई राहू दे. आम्ही पार्सल बांधतच नाही.